वाळवंटातील हरळी

गोल्फ मी शिकलो तो आपल्याकडच्या एका छावणीतील नऊ होलच्या मैदानावर. तेथे हिरवळ अशी नव्हतीच. होलभोवतीच्या ज्या गुळगुळीत जागेला जगभर ‘ग्रीन’ म्हणतात, तिला आम्ही ‘ब्राउन’ म्हणत असू. कारण वाळूत तेल मिसळून, ती दाबून केलेली ती तपकिरी खळी असे. चेंडू होलकडे ढकलण्यापूर्वी एक पोरगा गोणपाट ओढून आधीच्या पावलांच्या खुणा पुसून टाकी. पाण्याची ददात असलेल्या मुलखाने ह्या साहेबी खेळाशी केलेली ती तडजोड होती, आणि मला ती कधी कमीपणाची वाटली नाही.

म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात, एका खाजगी कंट्री क्लबात खेळण्याचा योग आला, तेव्हा वाळवंटातले मैदान म्हणजे थोडेबहुत आमच्या ब्राउनसारखेच असणार, असा माझा भाबडा समज होता. ह्या खोऱ्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तीन-चार इंच. पश्चिमेला दहा हजार फुटांहून उंच असा सॅन हासिंटो पर्वत उभा आहे. समुद्राकडून येणारे ढग तो अडवून धरतो. त्या दिवशी त्याच्या माथ्यावर बर्फ होते आणि पायथ्याशी निवडुंग. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत माझे नाव शोधले, कारण सभासदाचा पाहुणा असल्यावाचून तेथे कोणाचा प्रवेश होत नाही. फाटक उघडले, आणि समोर जे हिरवे पसरले होते ते पाहून मी क्षणभर बोललोच नाही.

माझे यजमान माझे कॉलेजातील मित्र. मूळचे माण तालुक्यातले, निवृत्त डॉक्टर, चाळीस वर्षे अमेरिकेत. पहिल्या टीवर उभे असता त्यांनी बुटाच्या टोकाने जमीन दाखवली व विचारले, “हे गवत ओळखलेस?” मी नाही म्हणालो. “अरे, हरळी!”

आणि ते खरेच होते. ज्याला तिकडे बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपल्या दूर्वांचीच जात. क्लबात लावतात तो तिचा सुधारलेला संकर. हिवाळ्यात ती पिवळी पडते, म्हणून दर ऑक्टोबरात तिला अगदी खरवडून कापतात, वरून राय गवताचे बी पेरतात आणि ते उगवेतो मैदान बंद ठेवून पाणी देत राहतात. माझ्या मित्राचे वडील जन्मभर कुदळीने शेतातली हरळी खणून काढीत राहिले. मुलगा आता तिच्या संगोपनासाठी वर्गणी भरतो. ही गोष्ट त्यांनीच हसत सांगितली. पण हसणे फार वेळ टिकले नाही.

ह्या हिरवळीचा इतिहास जुना नव्हे. खोऱ्यातील पहिले अठरा होलचे मैदान थंडरबर्ड कंट्री क्लबाचे. ते १९५१ साली झाले. १९५५ साली तेथे आणि १९५९ साली जवळच्या एल्डोराडो क्लबात रायडर चषकाचे सामने झाले. माजी अध्यक्ष आयझेनहॉवर हिवाळ्यात येथेच येऊन राहत. १९६८ साली पाम स्प्रिंग्जच्या एका मैदानावर १०४ यार्डांवरून त्यांचा चेंडू एकाच टोल्यात होलमध्ये गेला, आणि हे भाग्य त्यांना आयुष्यात एकदाच लाभले. आज खोऱ्यात अशी शंभरांहून अधिक मैदाने आहेत. पाणी येते ते काही भूगर्भातून, काही कोलोरॅडो नदीच्या कालव्यातून, काही सांडपाणी शुद्ध करून. भूगर्भातला साठा उपशाने खालावू लागला, तेव्हा १९७३ पासून कोलोरॅडोचेच पाणी तळ्यांत सोडून जमिनीत मुरवू लागले.

माझ्या खेळाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. चौथ्या होलला चेंडू हिरवळीची कड ओलांडून वाळूत, एका झुडपाखाली गेला. मी हात घालणार तोच मित्र ओरडले, “हात घालू नकोस! काठीने बघ आधी.” तेथे खुळखुळ्या साप असतो. चेंडू दिसला, पण मारण्याजोगा नव्हता. एक दंडाचा टोला पदरात घेऊन मी तो दोन काठ्यांच्या अंतरात टाकला आणि आकडा आपल्या हाताने कागदावर लिहिला. हिरवळ आणि वाळवंट ह्यांच्यामध्ये तेथे कुंपण नाही. पाण्याचा फवारा जेथे संपतो तेथे एका पावलात मुलूख बदलतो.

जवळच इंडियन वेल्स नावाचे गाव आहे. कवीया नावाचे तेथले मूळ रहिवासी वाळूत उतरत्या पायऱ्या खणून पाण्यापर्यंत जात, म्हणजे आपल्या बारवेसारखेच. त्या विहिरींवरून हे नाव पडले. ह्याच लोकांपैकी आग्वा कॅलिएंटे जमातीने भूजलावरील आपल्या हक्कासाठी २०१३ साली दावा लावला. २०१७ साली अपील न्यायालयाने तो हक्क मान्य केला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले.

परतताना मित्रांनी मनातले सांगितले. क्लबापुढे ठराव होता: खेळाच्या वाटेत न येणारी कित्येक एकर हिरवळ उपटून तेथे पुन्हा वाळवंटी झुडपे लावायची. मतपत्रिका आठवडाभर त्यांच्या टेबलावर पडून होती. “पाण्याचा हिशेब मला कळतो रे,” ते म्हणाले. “१९७२ साली मी आईबरोबर खडी फोडली आहे. पण म्हणूनच असेल, हिरवे काही उपटायचे म्हटले की हात पुढे होत नाही.”

मी आमच्या ब्राउनची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. तेल किती लागे, पावसाळ्यात त्या खळ्याचे काय होई, असे बारकाईने विचारले.

शेवटच्या ग्रीनवर माझा चेंडू होलपासून आठ-दहा फुटांवर होता. जमीन मला स्पष्ट डावीकडे उतरलेली दिसत होती. “डोळ्यांवर जाऊ नकोस,” ते म्हणाले, “येथे सगळे चेंडू इंडिओकडे वळतात.” इंडिओ म्हणजे खोऱ्याच्या उताराला, समुद्रसपाटीच्याही खाली वसलेले गाव. मी डोळ्यांवरच विसंबलो. चेंडू उजवीकडे वळला, होलला वळसा घालून तीन फूट पुढे गेला, आणि मित्र मघाच्यासारखे हसले.