वारा फुकट, पण वीज नाही!



वादळात दोन तास लाइट गेले, तरी आपल्या मॉरिसव्हिलमध्ये केवढी तारांबळ उडते! इंटरनेट बंद, फ्रीजमधल्या दुधाची काळजी, मुलांची भुणभुण. आता विचार करा, रोजच फक्त संध्याकाळचे काही तास वीज मिळाली तर?

मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात पोहोचता येणाऱ्या घारापुरीची हीच कथा होती. एलिफंटाची लेणी बघायला जगभरचे लोक यायचे, आणि बेटावरच्या तीन गावांत मात्र डिझेल जनरेटर चालेल तेवढाच वेळ उजेड. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल गेली आणि तिथे कायमची वीज आली.

पण जिथे केबल पोहोचूच शकत नाही, तिथे काय करायचं?

अलास्कात आर्क्टिक वृत्ताच्या थोडं वर कोट्झेब्यू नावाचं गाव आहे. वस्ती तीनेक हजार. बाहेरून तिथे येणारा रस्ता नाही. समुद्राचा बर्फ वितळला की बार्जने डिझेल येतं. कोकणात पावसाळ्याआधी बेगमी करतात ना, अगदी तशीच ही डिझेलची बेगमी. तिथली वीजसंस्था सहकारी आहे, म्हणजे ग्राहकच मालक. या संस्थेने १९९७ साली तीन छोट्या पवनचक्क्या उभारल्या. हळूहळू त्यांची संख्या वाढवली आणि २०१२ मध्ये प्रत्येकी ९०० किलोवॅटच्या दोन मोठ्या बसवल्या.

मग डिझेल बंद झालं का? नाही! इथेच खरी गंमत आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातली ऊर्जा निम्मी नाही, एक अष्टमांश उरते. वारा पडला की त्या क्षणी दुसऱ्या कुणीतरी भार उचलायला हवा; नाहीतर अख्खं गाव अंधारात. म्हणून जनरेटर तयारीत ठेवावा लागतो. आपण सॉफ्टवेअरवाले बॅकअप सर्व्हर ठेवतो, तसंच म्हणा ना. पण सर्व्हर रिकामा बसला तरी बिघडत नाही. डिझेल इंजिन फार कमी भारावर तासन् तास चालवलं, तर इंधन नीट जळत नाही, आत काजळी धरते आणि इंजिन खराब होतं. म्हणून वारा जोरात असेल तेव्हा जादा वीज बॅटरीत भरायची, नाहीतर पाणी तापवायला वापरायची. थोडक्यात, पवनचक्की डिझेल वाचवते. जनरेटरला लगेच निवृत्त करत नाही.

आपल्या महाराष्ट्राला वारा नवा नाही. देवगडला १९८६ सालीच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर तर त्यांची रांगच दिसते. आपल्याकडे वाऱ्याचा मुख्य हंगाम म्हणजे पावसाळा. सूर्य ढगाआड दडतो, नेमका तेव्हाच वारा जोर धरतो. त्यामुळे दुर्गम वाडीसाठी सौर आणि पवन ही जोडी जमू शकते. अर्थात तिथला वारा आधी वर्षभर मोजून बघायला हवा.

आणि यंत्रापेक्षाही महत्त्वाची आहे ती व्यवस्था. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ३९ घरांसाठी छोटं सौर वीजकेंद्र उभं राहिलं. तिथे गावकऱ्यांनी स्वतःचा ट्रस्ट केला. घरोघरी मीटर लावले आणि दरमहा पैसे जमा करायची पद्धत ठरवली. कारण उघड आहे. बॅटरी कधी ना कधी बदलावीच लागते.

मंडळी, उद्घाटनासाठी देणगीदार मिळतात. नारळ फुटतो, फोटो निघतात. पाचव्या वर्षी बेअरिंग गेलं की मात्र कुणी फिरकत नाही, आणि गाव पुन्हा रॉकेल-डिझेलच्या दारात! म्हणून अशा कामाला पैसे देताना आपण अवश्य विचारावं: दुरुस्ती गावातलं कोण करणार? सुटे भाग कुठून येणार? देखभालीची रक्कम वेगळी ठेवली आहे का? आणि आपल्या देणगीतला काही भाग मुद्दाम त्या न दिसणाऱ्या खर्चासाठी द्यावा. त्या पैशाची पाटी कुठे लागणार नाही. पण दहा वर्षांनी एखादी मुलगी दिव्याखाली अभ्यास करत असेल, ती त्याच पैशामुळे.

वारा देवाने फुकट दिलाय. तो घरात दिवा म्हणून पोहोचवायचा, तर हात माणसांचेच लागतात.