फॉरमॅट मारण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज मी कवितेबद्दल बोलणार नाही. एका संगणकाबद्दल बोलणार आहे. तो माझ्याच टेबलावर होता, माझ्याच पैशांनी घेतलेला होता, आणि तरी जवळजवळ दोन वर्षं तो माझा नव्हता.

२०२३च्या दिवाळीत अंधेरीतल्या एका मोठ्या दुकानातून मी लॅपटॉप घेतला. दुकानातला मुलगा फार गोड बोलणारा. म्हणाला, "सर, तुम्ही काहीच करू नका. सगळं सेट करून देतो. घरी जाऊन फक्त चालू करायचा." मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला यापेक्षा अधिक काय हवं? मी खुर्चीवर बसून राहिलो, त्यानं पंधरा मिनिटं टकटक केली, आणि मी खोकं काखेत मारून मरोळला घरी आलो.

महिन्याभरात कुरबुर सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवायची : तुमच्या विषाणूरोधकाची मोफत मुदत संपली, पैसे भरा, नाहीतर धोका आहे. मी न मागितलेले खेळ आत होते. खरेदीच्या दुकानांची चित्रं होती. यंत्र चालू व्हायला इतका वेळ लागायचा की आमच्या घरातून टोमणा यायचा, "तुमचा डबा उघडेपर्यंत माझी डाळ शिजते."

हेही सोसलं असतं. पण एकदा प्रिंटर जोडायला गेलो, तर संगणकानं पासवर्ड मागितला. मी माझा दिला. तो म्हणाला, हा चालणार नाही, प्रशासकाचा पासवर्ड हवा. प्रशासक कोण? आत पाहिलं तर दोन खाती निघाली. एक दुकानातल्या त्या मुलानं स्वतःच्या ई-मेलवर उघडलेलं, सगळे अधिकार असलेलं. दुसरं माझं, साध्या वापरकर्त्याचं. म्हणजे घर माझ्या नावावर आणि किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या खिशात! मी तडक दुकानात गेलो. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. त्याच्या जागी बसलेल्यानं मान वर न करता सांगितलं, "पाचशे रुपये द्या, फॉरमॅट मारून देतो. डेटा जाईल."

हा 'फॉरमॅट मारणं' शब्द मुंबईकरांना नवा नाही. नव्वदीच्या दशकात आपण लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून घेत होतो. तो बिघडला की ओळखीचा एक मुलगा खिशात सीडी घालून यायचा, फॉरमॅट मारायचा, चहा पिऊन जायचा. त्याच्याबरोबर आपली पत्रं, हिशेब, फोटोही जायचे. जाणारच, असं आपण धरून चाललो होतो. त्या सीडीतली विंडोज बहुधा चोरीची असायची, ते वेगळंच.

मी लॅपटॉप तसाच परत आणला. आमच्या खालच्या मजल्यावर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी राहते. लहानपणी ईदच्या शीरखुर्म्याला सगळ्यांत आधी तीच हजर असायची. मला चाचा म्हणते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चाचा, नव्यानं विंडोज टाकणं तासाभराचं काम आहे. त्याच्या आधीचं काम मोठं आहे. तुमचं काय काय आहे यात, ते आधी मला सांगा."

आणि श्रोतेहो, मला ते सांगता येईना.

आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा असंच झालं होतं. उपनगरांत राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी ते अनुभवलं असेल. इमारत पडते आठवड्यात, पण त्याआधी माळ्यावरचं काढताना महिना जातो. कुठली पेटी न्यायची, कुठली भंगारात द्यायची, आणि कुठल्या पेटीत निकाहनामा आहे, हे कुणालाच आठवत नसतं.

आम्ही सामान बांधायला बसलो. तिनं नियम सांगितला : प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी आणखी कुठेतरी. आणि नुसती उतरवून चालणार नाही, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची. कवितांचं फोल्डर घेतलं. पत्रव्यवहार घेतला. मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, "डेस्कटॉपवरचं? डाउनलोड्समधलं?" डाउनलोड्स म्हणजे मी आजवर कचऱ्याची टोपली समजत होतो. तिथे एक ध्वनिफीत निघाली. अम्मी शेवटच्या आजारात होती, तेव्हा तिनं कोकणातल्या आमच्या गावची, होडीतून खाडी ओलांडण्याची एक हकिकत फोनवर बोलून पाठवली होती. ती मी कधीतरी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि विसरून गेलो. मधल्या काळात फोन बदलला होता. जगात त्या आवाजाची तेवढी एकच प्रत उरली होती. पाचशे रुपयांत ती पुसली गेली असती, आणि काय गेलं हे मला कळलंही नसतं.

जुन्या कवितांचं वेगळंच प्रकरण. माझ्या पहिल्या संग्रहाची अक्षरजुळणी घाटकोपरच्या एका टायपिंगवाल्याकडे झाली होती. तेव्हा मेट्रो नव्हती; साकीनाका, असल्फा करत बसनं जायचं. त्यानं दिलेली सीडी मी सांभाळली होती आणि तिच्यातल्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या होत्या. आता उघडल्या, तर कविता गायब, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या काळातले अनेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजीच होतं, वर फक्त मराठी मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गेला. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. पण तो आपल्या घरापर्यंत, टायपिंगवाल्यापर्यंत पोहोचायला बरीच वर्षं गेली.

अशा जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. आम्ही एक वापरलं. कविता परत आल्या. पण मी छापील पुस्तक शेजारी ठेवून वाचू लागलो, तर एका कवितेत सह्याद्रीच्या 'दऱ्या' होत्या, त्यांचा 'दर्या' झाला होता. मराठीतला हा 'ऱ्य' त्या साधनाला समजला नव्हता. डोंगराच्या कुशीत समुद्र! माझं अर्धं आयुष्य या दोन शब्दांच्या मध्ये गेलं आहे, म्हणून लगेच दिसलं. तेव्हा यंत्रानं 'झालं' म्हटलं तरी आपण एकदा ओळ न् ओळ वाचावी. मला त्याला दहा रात्री लागल्या.

मग पाडकामाचा दिवस आला. किमान आठ जीबीचा एक कोरा पेन ड्राइव्ह लागतो. तिनं तिच्या संगणकावरून, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोज त्यावर उतरवून घेतली. मी विचारलं, "हे पुन्हा विकत घ्यावं लागेल का?" ती म्हणाली, "नाही. कंपनीच्या लॅपटॉपबरोबर विंडोज घेतली असेल, तर तिचा परवाना यंत्राच्या मदरबोर्डमध्येच नोंदवलेला असतो. तीच आवृत्ती टाकली की तो आपोआप ओळखला जातो." संगणक स्वतःही 'रिसेट'ची सोय देतो. पण त्यात कंपनीनं भरलेलं अडगळीचं सामान पुष्कळदा परत येतं, आणि आम्हाला तर प्रशासकाचा पासवर्डच नव्हता. म्हणून पेन ड्राइव्ह.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते, आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली प्रशासकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ते खातं दुकानदाराचं असेल, तर किल्लीही त्याच्याकडे. यंत्र कधी अडलं आणि त्यानं ती किल्ली मागितली, तर आपल्याच घराबाहेर आपण उभे. म्हणून लॅपटॉप उघडतोय तोवरच आपलं सामान बाहेर काढून घ्यावं.

यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना एक बटण दाबत राहावं लागतं. ते प्रत्येक कंपनीचं निराळं. माझ्या यंत्रावर एफ १२ होतं. मग पडद्यावर प्रश्न आला : फाइली, प्रोग्राम, सेटिंग, सगळं पुसलं जाईल, मान्य आहे का? तिनं माऊस माझ्या हातात दिला. "ही खूण तुम्हीच करायची, चाचा." मी बाहेरची डिस्क कपाटात आहे ना, ते एकदा उठून पाहिलं, परत आलो आणि खूण केली.

तास-सव्वा तासानं कोरा संगणक समोर आला. त्यानं खातं मागितलं. या वेळी ते माझं होतं, पासवर्ड माझा होता, आणि तो मी वहीत लिहून ठेवला. प्रिंटर मुकाट्यानं जोडला गेला. विषाणूपासून संरक्षण विंडोजमध्ये मुळातच असतं, त्यामुळे त्या भीती घालणाऱ्या चौकटीची गरज उरली नाही. मी मराठी भाषा जोडली, तिच्या शेजारी उर्दू जोडली. आमच्या घरात यादी एका लिपीत होते आणि दुआ दुसऱ्या लिपीत. आता यंत्रालाही दोन्ही येतात.

मराठी जोडल्यावर फाँटच्या यादीत 'मंगल' आला. तुमच्यापैकी पुष्कळांनी या फाँटमध्ये अर्ज लिहिले असतील, पत्रं वाचली असतील. तो घडवला प्रा. र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, आणि मराठीतले कवीही. जाहिरातीच्या क्षेत्रात काम करून ते पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले आणि पुढे आमच्या अंधेरीजवळच, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत भारतीय लिप्यांवर काम करत राहिले. २००८ साली ते गेले. संगणकाचं मला काय कळणार, मी तर कवी, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. त्या दिवशी हे म्हणायला जीभ रेटली नाही.

तुम्ही म्हणाल, दुकानदारानं भरून दिलेल्या चार गोष्टींचा एवढा बाऊ कशाला? तर २०१५ साली लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा प्रोग्राम आधीपासून भरलेला सापडला. तो जाहिराती दाखवायचा आणि त्यासाठी सुरक्षित समजल्या जाणाऱ्या संकेतस्थळांच्या व्यवहारातही मध्ये शिरायचा. कंपनीला तो काढून टाकण्याचं साधन द्यावं लागलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तडजोड करावी लागली. माझा लॅपटॉप त्या कंपनीचा नव्हता आणि त्यात असलं काही नव्हतंही. पण आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे तर खरंच ना?

घरात एक जुना डेस्कटॉपही होता, विंडोज १० वर चालणारा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची नेहमीची सेवा थांबवली, आणि विंडोज ११ला जो नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची चिप लागते, ती त्यात नाही. यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारं. माझ्यासारखंच! त्यावर आम्ही लिनक्स टाकलं. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं हे काम आज जगभरचे लोक मिळून पुढे नेतात. ते फुकट मिळतं, आणि पाहिजे त्याला उघडून पाहता येतं. शिकायचं कसं, हा प्रश्न होता. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यांतले बरेच मराठीतून. रोज फजरनंतर एक धडा ऐकत गेलो. आता माझा नवा संग्रह त्या जुन्या यंत्रावरच तयार होतो आहे. अधूनमधून अडतो. मग खालच्या मजल्यावर हाक मारतो.

दुकानातल्या त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यानं दिवसाला दहा यंत्रं अशीच भरून दिली असतील. चूक माझीही होती. किल्ल्या कुणाच्या हातात जातात हे न पाहता मी खुर्चीवर बसून राहिलो होतो.

तुम्हाला फॉरमॅट मारायची वेळ कदाचित येणारही नाही. पण आज जेवण झाल्यावर एवढं करा. आपल्या संगणकात प्रशासक म्हणून कुणाचं नाव आहे, ते पाहा. आपलं नसेल, तर का नाही, ते विचारा. आणि डाउनलोड्सचं फोल्डर एकदा उघडा. तिथे कुणाचा तरी आवाज पडून असेल, तर त्याची आणखी एक प्रत करून ठेवा.