थंडींत फळझाडांचें पांघरूण



दिवाळी सरली, ज्वारी गुडघाभर झाली, कीं आमच्या परभणी जिल्ह्यांत पहांटेचा गारठा सुरू होतो. कित्येक रात्रीं पारा १० अंशांच्या खालीं उतरतो. आपण घोंगडी घेतों, बैलांना गोठ्यांत बांधतों. पण सेलू, मानवत, पाथरीच्या शिवारांतलीं मोसंबीचीं रोपें उघडींच राहतात. पांच वर्षें पोसलेलें झाड गेलें तर पुन्हां पांच वर्षें वाट पाहावी लागते. कर्जाचें व्याज मात्र एक दिवसही थांबत नाहीं. म्हणून आच्छादनाविषयीं चार गोष्टी आम्ही सांगतों.

आमची काळी जमीन वाळली कीं तिला भेगा पडतात. भेगांवाटे खालची ओल उडते आणि बारीक मुळ्या तुटतात. ओली माती दिवसाची ऊब सांठविते. कोरडी लवकर निवते. वर काडीकचऱ्याचा थर असला म्हणजे ओल टिकते, मुळांना थंडीचा हिसका बसत नाहीं, तण दबतें आणि कुजल्यावर त्याच थराचें खत होतें.

यास पैका लागत नाहीं. उसाचें पाचट, सोयाबीनचें भुसकट, गव्हांडा, वाळला पाला, असें जें आपण बांधावर जाळतों तेंच येथें कामास येतें. कडबा मात्र घालूं नका. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. ज्यांना शेत नाहीं, परसांत एखादें लिंबू वा पेरू आहे, त्या कारागीर बंधूंनींही हें करावें. सुताराचा भुस्साही चालतो. तो मातींत न कालवितां वरच पसरावा.

रीत अशी: आधीं तण काढावें, पाणी द्यावें, मग आळ्यांत चार बोटें जाड थर पसरावा. खोडाभोंवतीं वीतभर जागा मोकळी सोडावी. ओला पाला खोडाला चिकटला तर साल कुजते, डिंक गळतो, वाळवी लागते. थराजवळ विडी ओढूं नये.

आतां दोन इशारे. ज्यांना मोसंबीचा आंबे बहार धरावयाचा आहे, ते डिसेंबरांत पाणी तोडून झाडास ताण देतात. अशा फळत्या झाडांस ताण मोडेपर्यंत आच्छादन घालूं नये. ओल टिकली तर ताण बसत नाहीं, आणि ताणावांचून फूल नीट येत नाहीं. कोवळ्या रोपांना मात्र आजच घालावें.

दुसरें, आच्छादन हें मुळांचें पांघरूण आहे, पानांचें नव्हे. उलट तो थर जमिनींतली ऊब वर येऊं देत नाहीं. म्हणून कडाक्याच्या रात्रीं विहिरीचें हलकें पाणी द्यावें. तें हवेपेक्षां कोमट असतें. लहान रोपांवर तुराट्यांचें खोपटें करावें व आग्नेयेची बाजू सूर्याला उघडी ठेवावी. केळीचे घड वाळल्या पानांनीं झांकावे.

परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ झालें. तें शेतकऱ्यांसाठींच आहे. तेथें जाऊन शंका विचारण्यास कोणीं संकोचूं नये.

शेवटीं, आमच्या शब्दावर विसंबूं नका. एका रोपास आच्छादन घाला, शेजारचें उघडें ठेवा. पंधरा दिवसांनीं दोन्हींकडे खुरप्यानें वीतभर उकरा आणि माती मुठींत धरून पाहा. कोणाचें खरें तें तुमची मूठच सांगेल.