समुपदेशकाची तालीम



25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशातील शिक्षणसंस्थांना काही मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे, ही त्यांपैकी एक. खाजगी शिकवणी वर्गही तिच्यातून सुटलेले नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील शाळा, महाविद्यालये आणि वर्ग नुसते डोळ्यांपुढे आणले, तरी पुढचा प्रश्न उभा राहतो. एवढे समुपदेशक यायचे कोठून? की शाळेतल्याच एखाद्या मृदू स्वभावाच्या शिक्षिकेच्या गळ्यात हे काम घालून तपासणीच्या वहीत सही उमटवायची?

एका अर्थाने कोल्हापूरला ही काळजी नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून येथे एकामागून एक वसतिगृहे उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलाला अन्न आणि निवारा मिळाला. त्याबरोबर विचारपूस करणारे वडीलधारे माणूसही मिळाले. आज तोच मुलगा कॉट बेसिसच्या खोलीत तीन अनोळखी मुलांसोबत राहतो, रात्री अभ्यासिकेतून परततो आणि घरी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतो. आजी, मामा, शेजारचे काका ही जुनी आधाराची माणसे त्याच्यापासून एका एस.टी.च्या अंतरावर राहिली आहेत. त्यांची जागा पूर्णपणे कोणीच घेऊ शकणार नाही, पण जो ती अंशतः घेऊ पाहतो त्याची तयारी पक्की हवी.

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ दडलेला आहे आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. उपदेश आपल्याकडे विपुल. त्यासाठी कोणाला पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अर्जुन बोलत राहतो, हातापायांतले बळ गेल्याचे सांगतो, धनुष्य टाकून रथात बसतो; आणि त्या संपूर्ण अध्यायात भगवंतांच्या तोंडी एवढेच येते की, समोर जमलेले हे कौरव पाहा. पुढचे अध्याय सांगण्याचा अधिकार अर्थातच समुपदेशकाचा नाही, पण पहिल्या अध्यायातले ते ऐकणे त्याला साधलेच पाहिजे. विसाव्या शतकात अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी समोरच्याचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि स्वतःच्या वागण्यातील खरेपणा या तीन गोष्टींवर भर दिला. त्या पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. अंगी बाणवायला वर्षे लागतात.

या व्यवसायाकडे जाणारे राजमार्ग मुख्यतः दोन. मानसशास्त्रातील दोन वर्षांची एम.ए. किंवा एम.एस्सी., नाहीतर समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. शालेय क्षेत्रासाठी एन.सी.ई.आर.टी.ची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका आहे आणि तिच्या रचनेत प्रत्यक्ष अनुभवाचा तीन महिन्यांचा काळ मुद्दाम राखलेला आहे. वर्गात व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मनोविकृती, मानसमापन, संशोधनपद्धती आणि बहुतेकांना नकोसे वाटणारे संख्याशास्त्र शिकवले जाते. हे सारे आवश्यकच. पण गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत डावांची नावे पाठ म्हणून दाखवणाऱ्याला कोणी पैलवान म्हणत नाही. तो रोज लाल मातीत उतरतो, कडेला वस्ताद उभा असतो, आणि पाय चुकला की तिथल्या तिथे हाक येते. खासबागेचे मैदान त्यानंतरचे.

समुपदेशकाच्या शिक्षणातला हा वस्ताद म्हणजे अनुभवी मार्गदर्शक. शिकाऊ विद्यार्थी एखाद्या व्यक्तीशी तासभर बोलतो. मग तो संवाद, त्या व्यक्तीच्या संमतीने आणि ओळख झाकून, शक्य तितका शब्दशः लिहून काढतो आणि मार्गदर्शकापुढे ठेवतो. ‘येथे ती रडू लागली तेव्हा तू विषय का बदललास? तिला त्रास होत होता की तुला?’ अशा प्रश्नांपुढे भल्याभल्यांची भंबेरी उडते. स्वतःच्या घरातली दुखणी, जातीपातीचे आणि स्त्री-पुरुषांविषयीचे पूर्वग्रह, दुसऱ्याला सुधारण्याची घाई हे सर्व तेथे उघडे पडते. जेथे अशी देखरेख नाही, तेथे विद्यार्थी आपल्या चुका माणसांवर शिकतो आणि त्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो.

कायद्याचे भानही याच शिक्षणाचा भाग आहे. गोपनीयता हा या व्यवसायाचा कणा. तरी एखाद्या बालकाने आपल्यावरील लैंगिक अत्याचार सांगितला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत आधीच सांगावी लागते. समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. तीव्र नैराश्य, भ्रम, आत्महत्येचा विचार दिसला की मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे, आणि पाठवल्यावरही हात न सोडणे, हेच त्याचे कौशल्य.

यापुढचा भाग कोल्हापूरच्या मातीचा. पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत, आणि समोर येणारी बाई म्हणते, ‘जीव थाऱ्यावर नाही’, ‘आतून घालमेल होते’. 2019 आणि 2021 च्या महापुरांत घर, गोठा, उसाचे रान पाण्याखाली पाहिलेला शिरोळकडचा शेतकरी आपल्या दुःखाला ‘ट्रॉमा’ म्हणणार नाही; पाऊस वाढला की झोप लागत नाही, एवढेच सांगेल. एखादे कुटुंब आधी नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेले असते. त्या श्रद्धेची टिंगल करणारा समुपदेशक ते माणूस कायमचे गमावतो. आणि श्रद्धेच्या नावाखाली अपस्माराचे औषध थांबलेले असताना गप्प बसणारा त्याहून मोठा अपराध करतो. हा तोल इंग्रजी पुस्तकात सापडत नाही. मराठीत मात्र वाट अगदीच कोरी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी मराठीत आणली, आणि 1990 साली ठाण्यात सुरू झालेल्या ‘आय.पी.एच.’ या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनाची भाषा मराठी घरांत रुजवली.

2025 च्या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. त्यामागे आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी 2021 साली झालेला कायदा आहे. चंदगड, आजऱ्याकडच्या नोकरदार शिक्षिकांची आणि उमेदीने पुन्हा शिकू पाहणाऱ्या गृहिणींची वाट त्यामुळे अडली, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर जवळच्या महाविद्यालयांत सोयीच्या वेळेचे वर्ग हा उपाय निघाला पाहिजे. निर्णय मात्र मुळात योग्यच. टपालाने पोहणे शिकवता येत नाही.

तेव्हा प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनी महाविद्यालयाच्या दारात शुल्क आणि नोकरीची हमी विचारण्याआधी आणखी काही विचारावे. प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम मिळेल? ते सी.पी.आर.सारख्या सरकारी रुग्णालयात, शाळेत की कौटुंबिक न्यायालयात? प्रत्येक संवाद तपासणारे कोण, आणि ती व्यक्ती स्वतः आजही लोकांना भेटते का? तपासणीची बैठक आठवड्याला होते की परीक्षेच्या आधी एकदा? आणि अहवाल मराठीत लिहिलेला चालेल का?