हौशी आणि धंदेवाईक : टेनिसचा १९६७ चा हंगाम

मराठीत 'हौशी' आणि 'धंदेवाईक' असे दोन शब्द आहेत. पहिल्या शब्दाभोवती कौतुकाचे वलय आहे; दुसरा उच्चारताना आवाजात नकळत थोडी तुच्छता येते. नाटकाच्या संदर्भात हा भेद आपणां सर्वांस परिचित आहे. पडदे, पेट्या आणि नटांचा परिवार बरोबर घेऊन ज्या मंडळ्या बेळगावापासून इंदूर-बडोद्यापर्यंत फिरत राहिल्या, त्या धंदेवाईक होत्या. मराठी रंगभूमीचे पुष्कळसे वैभव त्यांनीच उभारले. तरीही 'नाटकवाला' म्हटले की सभ्य कुटुंबे सोयरीक करताना कचरत असत. कलेचे कौतुक करावयाचे, पण त्या कलेवर पोट भरणाऱ्याला ओसरीपलीकडे येऊ द्यावयाचे नाही, अशी ती वृत्ती होती.

हीच वृत्ती टेनिसच्या खेळाने चाळीस वर्षांहून अधिक काळ जपली. विम्बल्डन, फॉरेस्ट हिल्स, पॅरिस आणि ऑस्ट्रेलिया येथील चार प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी राखलेल्या होत्या. खेळण्याबद्दल उघडपणे पैसे घेतले की तो खेळाडू व्यावसायिक ठरे आणि या चारही ठिकाणची दारे त्याला बंद होत. डेव्हिस चषकासाठी स्वदेशाच्या वतीने खेळण्याचा अधिकारही जाई. १९२६ साली फ्रान्सची सुझान लांग्लेन या वाटेने गेली. १९३० च्या अखेरीस अमेरिकेच्या बिल टिल्डेनने तोच निर्णय घेतला. त्यानंतर जॅक क्रेमर, पांचो गोन्झालेस, टोनी ट्रॅबर्ट, केन रोझवॉल, लू होड असे एकामागून एक श्रेष्ठ खेळाडू बाहेर पडत गेले. जगातील पहिल्या प्रतीचे खेळाडू एकीकडे आणि जगातील पहिल्या प्रतीच्या स्पर्धा दुसरीकडे, अशी विचित्र स्थिती त्यामुळे निर्माण झाली.

जे आत राहिले ते सर्व खरोखरच निव्वळ हौसेखातर खेळत होते काय? नामांकित हौशी खेळाडूला स्पर्धेचे चालक प्रवासखर्च म्हणून पैसे देत, आणि तो खर्च प्रत्यक्ष खर्चाहून बराच मोठा असे. हे व्यवहार पडद्याआड चालत. ते सर्वांना ठाऊक होते. पण त्यांचा उच्चार कोणी करावयाचा नाही, असा संकेत होता. विम्बल्डनच्या ऑल इंग्लंड क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनीच पुढे या साऱ्या प्रकाराला उघडउघड असत्य म्हटले. सारांश, एक जण पैसे घेई आणि तसे सांगे; दुसरा घेई आणि सांगत नसे. शिक्षा मात्र सांगणाऱ्याला होती.

शिक्षा भोगणाऱ्यांचे जीवन कसे होते? आपल्या नाटक मंडळ्यांसारखेच ते फिरते होते. कापडाचे कोर्ट गुंडाळून बरोबर न्यावयाचे, एखाद्या गावातील बंदिस्त सभागृहात, प्रसंगी बर्फावरील खेळांसाठी बांधलेल्या जागेत, ते अंथरावयाचे, रात्री सामना खेळावयाचा आणि पुढच्या गावची वाट धरावयाची. प्रतिस्पर्धी ठरलेले, तेच ते. आज हरला तर उद्या पुन्हा त्याच्याशीच गाठ. दुर्बळ खेळाडूंशी खेळून विसावा घेण्याची सोय तेथे नव्हती. ऑस्ट्रेलियाचा डावखुरा रॉड लेव्हर १९६२ साली चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकून व्यावसायिक झाला. तीन वर्षांच्या १,१०,००० डॉलरांची हमी त्याला दिली ती होड आणि रोझवॉल या सहकाऱ्यांनी. पण १९६३ च्या आरंभी त्याच दोघांनी त्याला खेळाचा धडाही दिला. पहिल्या २१ सामन्यांपैकी १९ लेव्हर हरला. हौशी जगाचा अजिंक्य वीर व्यावसायिक जगात नवशिका ठरला.

त्याच वर्षी फॉरेस्ट हिल्सला व्यावसायिकांची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात रोझवॉलने लेव्हरला हरविले. आणि विजेता व उपविजेता दोघेही रित्या हातांनी परतले, कारण स्पर्धेच्या तिजोरीत पैसाच उरला नव्हता. धंदेवाईक म्हणून ज्यांना हिणविले जाई, त्यांच्या धंद्याची ही मिळकत! ते खेळत राहिले याचे कारण केवळ पैसा असते, तर त्या दिवशी त्यांनी रॅकेट खाली ठेवली असती.

या विषयाला भारताचाही एक धागा जोडलेला आहे. मद्रासच्या रामनाथन कृष्णनला १९५९ साली क्रेमर यांनी तीन वर्षांसाठी १,५०,००० डॉलर देऊ केले. कृष्णनने नकार दिला. होकार दिला असता तर भारतासाठी डेव्हिस चषकाचे सामने त्याला खेळता आले नसते. १९६० आणि १९६१ या दोन्ही वर्षी तो विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि १९६६ साली भारताला डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. त्याचा निर्णय आदरास पात्र आहे यात शंका नाही. परंतु स्वदेशासाठी खेळणे आणि श्रमाचे मोल घेणे यांपैकी एकाचीच निवड करावी, अशी सक्ती ज्या नियमाने केली, तो नियम मात्र आदरास पात्र नव्हता.

नियम बदलण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १९६० साली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघापुढे खुल्या स्पर्धांचा ठराव आला होता. आवश्यक त्या दोन-तृतीयांश बहुमताला पाच मते कमी पडली आणि तो फेटाळला गेला. पाच मतांच्या या तुटीने कितीएक खेळाडूंच्या उमेदीची आणखी आठ वर्षे घेतली. वाद, परिषदा, ठराव यांनी जे साधले नाही, ते एका हंगामातील खेळाने साधण्याचा मार्ग मोकळा केला. तो हंगाम १९६७ चा.

व्यावसायिकांच्या तीन जुन्या प्रमुख स्पर्धा होत्या : अमेरिकेची, फ्रान्सची आणि इंग्लंडातील वेम्ब्लीची. १९६३ साली या तीनही रोझवॉलने जिंकल्या होत्या. १९६७ च्या जुलैत बॉस्टनजवळील लाँगवुड क्लबच्या हिरवळीवर अमेरिकेची स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात स्पेनच्या आंद्रेस जिमेनोने पहिला सेट घेतला. लेव्हरने पुढील तिन्ही घेऊन सामना जिंकला. चार वर्षांपूर्वीचा पराभूत नवशिका आता सर्वांचा अग्रणी झाला होता.

आणि मग ऑगस्टात जे घडले ते पूर्वी कधी घडले नव्हते. ज्या विम्बल्डनचे दार या मंडळींना बंद होते, त्याच विम्बल्डनच्या मध्यवर्ती कोर्टावर त्यांना सन्मानाने बोलाविण्यात आले. निमित्त होते रंगीत दूरचित्रवाणीचे. बीबीसीने त्या वर्षीच्या जुलैत रंगीत प्रक्षेपणास आरंभ केला होता आणि त्याप्रीत्यर्थ या व्यावसायिक स्पर्धेचा भार तिने उचलला. २५ ते २८ ऑगस्ट हे स्पर्धेचे दिवस ठरले. खेळाडू केवळ आठ : लेव्हर, रोझवॉल, गोन्झालेस, होड, जिमेनो, स्टोल, रॅल्स्टन आणि बुखहोल्झ.

त्या आठांतील काहींच्या मनात त्या हिरवळीवर पाऊल ठेवताना काय आले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. गोन्झालेस विम्बल्डनला खेळला होता तो १९४९ साली; त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता. आता तो एकोणचाळीस वर्षांचा होता. मधली अठरा वर्षे, ज्यांतील कित्येक वर्षे जगात त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता, विम्बल्डनच्या इतिहासात त्याच्या नावावर कोरीच आहेत. पहिल्याच फेरीत त्याची गाठ होडशी पडली. होडने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे येथले विजेतेपद मिळविले होते आणि त्यानंतर व्यावसायिक झाल्यामुळे याच कोर्टाला तो पारखा झाला होता. पाठीच्या दुखण्याने त्याचा खेळ पूर्वीसारखा राहिला नव्हता. तरीही दोघे जुने मल्ल भिडावेत तसे भिडले. पहिला सेट गोन्झालेसने ६-३ असा घेतला. पुढचे दोन होडने ११-९, ८-६ असे जिंकले. समान गुणांचा तोडगा काढणारा आजचा टायब्रेक तेव्हा नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहावे लागे.

अंतिम सामना लेव्हर आणि रोझवॉल यांचा झाला. रोझवॉल देहयष्टीने लहान. त्याच्या सर्व्हिसमध्ये फारसा दरारा नव्हता. पण पायांची चपळाई अचूक, आणि बॅकहँडचा फटका इतका नेमका की तसा दुसरा त्या काळी शोधूनही सापडला नसता. लेव्हरच्या डाव्या मनगटात विलक्षण ताकद होती. अडचणीत सापडला की तो बचाव न करता अधिकच धाडसाने चढाई करी. पहिले दोन सेट लेव्हरने ६-२, ६-२ असे सहज घेतले. तिसऱ्यात मात्र रोझवॉलने पाय रोवले. बावीस गेम झाल्यावर तो सेट १२-१० असा संपला आणि लेव्हर विजयी झाला. प्रेक्षकांनी मध्यवर्ती कोर्ट भरून टाकले होते. धंदेवाईकांचा खेळ पाहण्यास सभ्य प्रेक्षक येणार नाहीत, किंवा आले तरी त्यांना तो खालच्या दर्जाचा वाटेल, ही समजूत त्या दिवशी संपली. त्याच वर्षीची हौशी स्पर्धा जॉन न्यूकोंबने तीन सरळ, एकतर्फी सेटमध्ये जिंकली होती. दोन महिन्यांच्या आत दोन्ही स्पर्धा त्याच हिरवळीवर पाहिलेल्या प्रेक्षकाला तुलना करण्यासाठी कोणाच्या भाषणाची आवश्यकता उरली नाही.

ऑक्टोबरात पॅरिसची आणि वेम्ब्लीची स्पर्धा झाली. दोन्ही छताखाली, लाकडी जमिनीवर. पॅरिसला लेव्हरने पुन्हा जिमेनोला हरविले. वेम्ब्लीला रोझवॉलने त्याला पाच सेटपर्यंत झुंजविले आणि तीन सेट संपले तेव्हा आघाडीही त्याचीच होती. पण शेवटचे दोन सेट ८-६, ६-२ असे घेऊन लेव्हरने तीही स्पर्धा जिंकली. एका हंगामात चारही मोठ्या व्यावसायिक स्पर्धा त्याच्या नावावर लागल्या.

या हंगामाचे फळ लवकरच दिसले. वर्षअखेरीस खुद्द न्यूकोंब, टोनी रोश आणि इतर काही नामांकित हौशी खेळाडू एका नव्या व्यावसायिक संघटनेत दाखल झाले. हौशी स्पर्धांत आता पाहावे असे उरले तरी काय, हा प्रश्न चालकांना टाळता येईना. १४ डिसेंबर १९६७ रोजी ब्रिटिश टेनिस संघटनेने प्रचंड बहुमताने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच आपल्या नियमांतून काढून टाकला. ३० मार्च १९६८ रोजी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय महासंघाने खुल्या स्पर्धांस मान्यता दिली आणि २२ एप्रिल रोजी इंग्लंडातील बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा सुरू झाली. जे कित्येक वर्षांत झाले नव्हते ते अवघ्या आठ महिन्यांत झाले.

खुल्या मैदानावर हौशी खेळाडूंचे हसे झाले असेही नाही. बोर्नमथला मार्क कॉक्स या हौशी इंग्रज खेळाडूने गोन्झालेसला पाच सेटमध्ये पराभूत केले. त्याच वर्षी अमेरिकेची पहिली खुली स्पर्धा आर्थर अ‍ॅश या हौशी खेळाडूने जिंकली. तो तेव्हा सैन्यात अधिकारी होता. हौशी असल्यामुळे १४,००० डॉलरांचे पारितोषिक त्याला घेता आले नाही. ते अंतिम सामन्यात हरलेल्या टॉम ओकरला मिळाले. खरी हौस पैशांच्या सान्निध्याने बाटत नाही, आणि खरे कौशल्य पैसे घेतल्याने उणे होत नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका वर्षात सिद्ध झाल्या.

मात्र काही हिशेब कधीच पुरे होत नाहीत. लेव्हर दैवाचा लाडका. १९६८ चे विम्बल्डन त्याने जिंकले आणि १९६९ साली चारही स्पर्धा पुन्हा एकाच वर्षात जिंकल्या. रोझवॉलचे तसे झाले नाही. १९५७ ते १९६७ अशी ऐन भराची अकरा वर्षे तो विम्बल्डनच्या बाहेर होता. १९५४ आणि १९५६ साली, म्हणजे त्यापूर्वी, आणि १९७० व १९७४ साली, म्हणजे त्यानंतर, तो तेथे अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. चौथ्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता. विम्बल्डनच्या एकेरी विजेत्यांच्या यादीत केन रोझवॉल हे नाव नाही.

श्रोतेहो, खेळाडू असो, नट असो वा कारागीर असो, आपल्या श्रमाचे मोल उजळ माथ्याने मागणाऱ्याला समाज पुष्कळदा कमी लेखतो आणि तेच मोल आडून घेणाऱ्याला प्रतिष्ठित समजतो. या समजुतीची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे उत्तर विम्बल्डनच्या त्या यादीत नसलेल्या नावात आहे. १९६७ च्या ऑगस्टात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो लहान चणीचा खेळाडू अकरा वर्षांनंतर त्या हिरवळीवर उतरला आणि दोन सेट गमावल्यावरही तिसऱ्यातील बाविसाव्या गेमपर्यंत झुंजत राहिला. 'धंदेवाईक' हा शब्द पुन्हा ओठांवर येईल, तेव्हा त्या तिसऱ्या सेटचे स्मरण ठेवावे.