मुनेरबीचा मुलगा, मेरीची मुलगी

(सिंदी मेघे, वर्धा इथं तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण)



सिंदी मेघेला चाललोय असं बाहेरच्या कुणाला सांगितलं की तो विचारतो, म्हणजे सिंदी रेल्वे ना? मग त्याला समजावून सांगावं लागतं की ही सिंदी वेगळी, वर्ध्याला लागून असलेली. तुम्हाला याची सवय असेल. आपल्या लोकांना एकूणच 'आम्ही ते नव्हे' हे सांगण्याची फार सवय आहे. असो.

मला विषय दिलाय सिनेड ओ'कॉनरचा. आयर्लंडची गायिका. २०१८ साली तिनं इस्लाम स्वीकारला, शुहदा हे नाव घेतलं, आणि २६ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये तिचं निधन झालं. त्या दिवशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर हिजाब घातलेला तिचा फोटो फिरला असेल. 'बघा, एवढी मोठी गायिका, शेवटी मुसलमान झाली.' तेवढ्यावर आपलं समाधान झालं. ती लहानपणी कशी होती, कुठल्या शाळेत गेली, एवढी का चिडायची, हे कुणी विचारलं नाही. मी तिच्याबद्दल बोलणार आहे, पण आधी आपल्या घरच्या माणसाबद्दल. तो आपल्याला तिच्याहूनही कमी माहीत आहे.

मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी, जिल्हा सोलापूर. महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याचा पहाडी आवाज ऐकायला मैदानं भरायची. आचार्य अत्रे त्याला महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणायचे. मायकोव्हस्की म्हणजे रशियन क्रांतीचा कवी.

हा आवाज आला कुठून? घर गरीब. आईचं नाव मुनेरबी. तिच्याजवळ ओव्या होत्या, लोकगीतं होती, आणि ती मराठी होती. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईची मांडी ही मेहबूबची पहिली शाळा. इथं जरा थांबू या. आपल्या घरात आपण आपल्या पद्धतीची हिंदी बोलतो, 'हौ' म्हणतो, शाळेत मराठी लिहितो, आणि मनात कुठंतरी धरून बसतो की मराठी ही बाहेरची, शिकून घेतलेली भाषा. मुनेरबीनं ती शिकून घेतली नव्हती. दळता दळता ती तिच्या तोंडी बसली होती, शेजारच्या कुठल्याही बाईच्या तोंडी बसते तशी.

मी शाळेत असताना एकदा पोवाडा म्हटला होता. पाहुणे खूश झाले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'मुसलमान असून किती छान मराठी!' तुम्ही हसताय म्हणजे हे वाक्य तुम्हीही ऐकलंय. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. त्यातला 'असून' कळायला बरीच वर्षं गेली.

मेहबूबचं पुढचं शिक्षण बसवर क्लीनर म्हणून झालं, मग गिरणीत. १९३० ते ३२ च्या धामधुमीत तो स्वातंत्र्य चळवळीत पडला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. वय हिशेबानं चौदा ते सोळा. तिथं त्याची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. बाहेर आला तो गिरणीच्या संपात पुढं. नंतर कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काम करताना 'अमर शेख' हे नाव लागलं. मग मुंबई, आणि १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. अण्णा भाऊंची शाळा तर दीड दिवसाची. त्या तिघांनी गिरणगावात उभं राहून जे म्हटलं, त्याचा आज विद्यापीठांत अभ्यास होतो.

शाळा नसली तरी चालते, असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. शाळा सुटलेली हजारो पोरं क्लीनर म्हणूनच संपली, त्यांचं नाव आपल्याला माहीत नाही. मेहबूबला शाळेबाहेर तीन गोष्टी मिळाल्या: आईचं गाणं, सोबतीचे कामगार आणि तुरुंगात त्याच्याशी बरोबरीनं बोलणारी मोठी माणसं. 'गप बस' म्हणणारे भेटलेच असतील, पण त्यांच्याहून ही माणसं भारी पडली.

आता मेरीची मुलगी. सिनेडचा जन्म ८ डिसेंबर १९६६, डब्लिनमध्ये. वडील जॉन, आई मेरी. पोरगी आठेक वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. आई तिला मारायची. साधी चापट नव्हे, हालहाल. दुकानातून वस्तू उचलायलाही आईकडूनच शिकले, असं तिनं सांगितलं आहे. शाळा बुडवणं, चोऱ्या, हे वाढत गेलं तेव्हा पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिला डब्लिनमध्ये नन्स चालवत असलेल्या 'अन ग्रिआनान' या सुधारगृहात ठेवलं. अठरा महिने.

त्या आवारात मॅग्डेलीन लाँड्री होती. म्हणजे 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायकांना डांबून त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुऊन घ्यायची जागा. कुणी लग्नाआधी गरोदर राहिलेली, कुणी नुसतीच घरच्यांना नकोशी. सिनेडला शिक्षा म्हणून एकदा, मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्या जिथं ठेवल्या होत्या, त्या खोलीत रात्री झोपायला पाठवलं. त्या म्हाताऱ्या कोण, हे तिला नंतर उमगलं. आयुष्यभर तिथंच राबलेल्या त्या बायका होत्या. १९९३ साली त्या मठाची जमीन विकायला काढली तेव्हा तिथून दीडशेहून जास्त बायकांचे अवशेष निघाले. त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची नोंदसुद्धा नव्हती. आयर्लंडच्या पंतप्रधानांनी या बायकांची संसदेत माफी मागितली ती २०१३ मध्ये.

पण त्याच इमारतीत सिस्टर मार्गारेट नावाची एक नन होती. या भांडखोर पोरीला संगीताशिवाय दुसरं काही शांत करत नाही, हे तिनं ओळखलं. तिनं गिटार आणून दिली आणि सोबत बॉब डिलनच्या गाण्यांचं पुस्तक. तीच संस्था, तोच धर्म, तोच पोशाख. एकीनं पोरीला मरणाऱ्यांच्या खोलीत पाठवलं, दुसरीनं गिटार दिली. म्हणून 'सगळे तसलेच' किंवा 'आमच्यात असलं नसतंच', अशी दोन्ही वाक्यं मला नेहमी आळशी वाटतात. पुढं वॉटरफर्डच्या एका निवासी शाळेत गेली, तिथं आयरिश शिकवणाऱ्या शिक्षकानं तिला गाणी रेकॉर्ड करायला मदत केली.

१९८५ साली आई मोटार अपघातात गेली. सिनेड अठरा वर्षांची. जिनं मारलं, तिच्यासाठीच ती रडत राहिली. १९९० मध्ये जगभर गाजलेल्या 'नथिंग कंपेअर्स टू यू' च्या चित्रफितीत तिच्या गालावरून जे अश्रू ओघळतात, ते आईच्या आठवणीचे, असं ती सांगायची.

३ ऑक्टोबर १९९२. अमेरिकेतल्या थेट प्रक्षेपणात गाणं संपवताना तिनं पोपचा फोटो फाडला. चर्चच्या संस्थांत मुलांवर होणाऱ्या अत्याचाराविरुद्ध. तो फोटो तिनं बाजारातून आणला नव्हता. तिच्या आईच्या भिंतीवरचा होता तो. मुलांवरच्या अत्याचाराचं सगळं प्रकरण तिच्या मनात त्या एका फोटोत आलं होतं, घरातलं आणि घराबाहेरचं. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कला बॉब डिलनच्याच गौरवाच्या कार्यक्रमात ती गायला उभी राहिली तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. गिटारीबरोबर ज्याचं पुस्तक मिळालं होतं, तोच डिलन. ती खरं बोलली होती, हे कबूल करायला जगाला आणखी बरीच वर्षं लागली.

ती नेहमी बरोबरच बोलली असं नाही. इस्लाम स्वीकारल्यावर लगेच तिनं बिगरमुस्लिमांबद्दल अत्यंत वाईट लिहिलं, नंतर त्याबद्दल माफी मागितली. आपल्या फॉरवर्डमध्ये ते नव्हतं, म्हणून सांगितलं.

हे सगळं सिंदी मेघेत कशाला? कारण इथून सायकलीनं जाता येईल एवढ्या अंतरावर याच गोष्टीचा विचार झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात शिक्षण परिषद बोलावली, आणि आराखडा करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, पुढं भारताचे राष्ट्रपती झाले ते. सात वर्षं सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हातानं काम करत. त्या योजनेवर तेव्हा मुस्लिम लीगनं टीका केली, इतरांनीही केली, आणि सगळीच टीका उगाच नव्हती. पण मुलाचे हात आणि मुलाची भाषा यांना वर्गात जागा हवी, ही गोष्ट ज्यांनी मांडली त्यांत आपला एक माणूस पुढं होता. सेवाग्रामला सहल जाते, झाकीरसाहेबांचं नाव किती जण घेऊन येतात?

आता माझं. मी बरीच वर्षं मास्तरकी केली. सहावीच्या वर्गात एक मुलगा होता, बाकावर बोटांनी ताल धरायचा आणि गुणगुणायचा. वर्गात मराठीचा धडा चालू. मी त्याच्या त्याच बोटांवर छडी मारली. एकदा नाही. तेव्हा २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला नव्हता. त्या कायद्यानं मारायला बंदी केली, पण कायदा नव्हता ही काही सबब नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच्या भावाच्या लग्नात भेटला. मी म्हटलं, अरे, म्हण ना काहीतरी. तो हसला, म्हणाला, 'सर, मी नाही गात.' अगदी अदबीनं म्हणाला. जेवायला वाढलंही त्यानंच.

मला अमर शेखांची मुलगी आठवते, मलिका. तिनं १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र लिहिलं, स्वतःच्या लग्नाबद्दल, नवऱ्याबद्दल, काहीही न झाकता. नवरा तर नामदेव ढसाळ. मुनेरबीच्या जात्यापासून तिथवर तीन पिढ्या झाल्या. मधल्या कुणी तिचं तोंड दाबलं असतं तर ते पुस्तक आलं नसतं.

तर पुढच्या रविवारी दोन कामं करून या. घरात नानी, दादी, फुफी कुणी असेल तर तिला येणारं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, मराठी असो, हिंदी असो, निम्मं विसरलेलं असो. आणि तुमच्यापैकी कुणाला, किंवा तुमच्या गल्लीतल्या कुणा लहान्याला, घरी, शाळेत किंवा मदरशात मार बसत असेल, तर माझ्याशी किंवा इथल्या ताईंशी एकट्यानं बोला. आमच्याशी बोलवत नसेल तर १०९८ या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. नंबर फळ्यावर लिहिलाय, तो पुसू नका.