उजळ कोणाला म्हणावं?



आज चिंतनाला एकच शब्द घेऊ. उजळ. शब्द घरातलाच आहे. रात्र सरली की आपण म्हणतो, उजाडलं. तांब्याचा गुंड काळा पडला की माय चिंच लावून घासते, गुंड उजळतो. पोरं पाढे पुन्हा पुन्हा म्हणतात, ती उजळणी. लेकानं चांगलं काम केलं तर घराण्याचं नाव उजळलं, आणि नापास झाला तर बाप टोमणा मारते, "काय उजेड पाडला रे बाबू!"

इथपर्यंत ठीक आहे. पण हाच शब्द सोयरिकीच्या बैठकीत येतो, तेव्हा सुरी होते. "पोरगी शिकली आहे, कामाची आहे, पण उजळ नाही." पाहुणे चहा पिऊन उठतात. दाराआड उभी असलेली लेक ते ऐकते. तिच्या जिवाला काय वाटत असेल?

आणि तेच पाहुणे आषाढीला पंढरपूरला जातात. डोकं कोणाच्या पायावर ठेवतात? काळ्या पाषाणातल्या सावळ्या विठोबाच्या! देव काळा चालते, सून काळी चालत नाही. हा कोणता न्याय, बाप्पा?

आपल्या वडनेरचं शिवार पाहा. माती काळी. तिच्यातूनच पांढराशुभ्र कापूस फुटतो. "तू उजळ नाहीस, तुझ्यात पेरत नाही," असं कोणी मातीला म्हणते काय?

आपल्या वऱ्हाडातले गुलाबराव महाराज आठवा. १८८१ साली लोणी टाकळीला जन्म. तान्हेपणीच दृष्टी गेली. १९१५ साली देह ठेवला, म्हणजे आयुष्य अवघं ३४ वर्षांचं. तेवढ्यात शंभरावर लहानमोठे ग्रंथ झाले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. ज्यांना दिवस नि रात्र सारखीच, त्यांच्यापाशी बसून डोळस माणसं वेदान्त शिकली. मग उजेड कोणापाशी होता?

रात्री हैदराबाद रोडनं समोरून गाडी येते. तिचा दिवा डोळ्यांवर आला की पायाखालचा रस्ता दिसत नाही. झगझगाट तो, उजेड नव्हे. ज्यानं वाट दिसते तो उजेड.

आता गुंडाकडे या. माय त्याला रंग लावत नाही. वरचा काळपटपणा काढते. चकाकी आतलीच असते. नाम ही चिंच आहे, मायबाप! पण एकदा घासून भागत नाही, गुंड पुन्हा काळवंडतो. म्हणून रोज उजळणी. जो कोणाचं लुबाडत नाही, कोणाच्या लेकीचं मन दुखवत नाही, तोच उजळ माथ्यानं पंढरीच्या वाटेला लागतो.

यंदा सोयरिकीला जाल, तेव्हा तोंडाचा रंग विचारू नका. पोरीला पाणी मागा, नाव विचारा, आणि मनात सावळ्याला आठवा.

बोला, पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!